इंगळपुनवेचं माहेरपण

जांभ्याचा डोंगर, शाहूवाडीच्या वरलं अंग
मार्गशीर्ष, चांद निम्मा

हाफिजा विहीणबाईंस,

तुमच्या गारगोटी विहीणीकडनं ऐरनीवरचं तीन ठोकं, आमचा रामराम.

पत्र कृष्णातच्या दुधाच्या गाडीतनं धाडतोय. परवा त्यानं दगडाच्या फटीत तोंड घालून इचारलं, "आत कोन हाय का वो पावणं?" मी हूं का चूं केलं न्हाय. गडी इतकी वरसं पत्रं नेतोय-आनतोय, आन अजून त्याची हौस फिटंना.

तर इंगळपुनव दोन म्हैन्यांवर आली. दरसालचंच आवतान हाय, पन न्हाय दिलं तर तुमी कोल्लापूरभर सांगत सुटशिला, की डोंगरातल्या बुटक्यांनी मान राखला न्हाय. आन बुटकं आमी न्हायच. आमी बरोबर हाय, तुमीच उगं लांब वाढलाय.

आमची लेक धगू माहेरपनाला धाडा. तुमच्या घरात ती आग दिली तवा दोन्हीकडच्या जुन्या मानसांनी बोली केलती. वरीसभर तिनं शिकलगारांच्या भट्टीत नांदायचं, विळं-कोयतं लाल करायचं, आन माघाच्या पुनवेला इंगळ, म्हंजी निखारा, हून मडक्यात बसायचं आन माहेरी यायचं. ती आली की आमच्या थोरल्या भट्टीच्या कुशीत शिरती, मायलेकी दोगी एक हून उसळत्यात, आन त्या उजेडावर आमचं वरीस सरतंय. लेक आली न्हाय तर पुनव कसली!

हिकडं तयारी जोरात हाय. गड्यांनी दाढ्या इंचरून टोकं मेनात बुडवल्यात. पुनवेला जो त्यो आपल्या दाढीचं टोक लेकीला वाहनार, आन मग म्हैनाभर समदा डोंगूर करपल्या केसांनी घमघमनार. पोरी ऐरनीवर हातोड्यांचा ठेका बसवाय लागल्यात, माझं डोस्कं उठलंय. आमचा कुरुंदबाबा, डोंगरातला सगळ्यात जुना मानूस, त्यो तर आताच दारात बसून ऱ्हातोय. म्हनतोय, लेक यायच्या वाटंवर थंडी फार हाय.

लेक कशी हाय ते कळवा. लाकूड चांगलं घाला तिला, वखारीतला भुसा घालून भागवू नगा. मला समदं कळतंय हिकडं.

तुमची, उंचीनं कमी पन मानानं न्हाय,
गारगोटी


कोल्हापूर, १२ डिसेंबर २०२४

गारगोटी विहीणबाई यांना सलाम.

पत्र मिळालं. दुधाच्या कॅनला चिकटून ओलं झालं होतं, तुमचा कोळसा माझ्या सगळ्या बोटांना लागला. भुशाचा टोमणाही पोचला.

मालक गेल्यापासून भट्टी मी एकटीनं सांभाळली, हे तुम्ही जाणता. ऊसतोडीचे कोयते आले की माझा तौसीफ सुट्टीच्या दिवशी येऊन घण मारायचा. दिवाळीनंतर तो बायको-पोरीला घेऊन कायमचाच घरी राहायला आला. नात आफशीन पहिलीत आहे. काय सांगू तुम्हाला, पोर म्हणजे नुसता गूळ आहे. पण तिची छाती वाजते. घरघर, घरघर. जिना चढली की मधल्या पायरीवर बसते आणि खांदे वर करकरून श्वास ओढते. खाली भट्टी, वर आम्ही. डॉक्टरांनी सांगितलं, घरातला धूर बंद व्हायला पाहिजे.

विहीणबाई, कसं लिहावं कळत नाही, पण कळवलंच पाहिजे. परवा मी धगूला वाढवली. माझ्या हातानं. पुढचं लिहायला हात चालत नाही. तुम्ही शहाण्या आहात, समजून घ्या.

हाफिजा


जांभ्याचा डोंगर
मार्गशीर्ष, चांद उतरता

अगाबाई अगाबाई अगाबाई! विहीणबाई, तुमच्या तोंडात साखर पडो!

"धगूला वाढवली!" मी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं, आन अशी हाळी दिली की भितीवरचं दोन हातोडं खाली पडलं. लेक वाढली! अंगानं भरली! म्हंजी दिस गेलं की वो तिला! आग उगं वाढत न्हाय, पोटात ठिनगी धरली की वाढती, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. म्हनून तुमचा हात चालंना व्हय? एवढं वय झालं तरी लाजताय? मर्दिनी हायसा का कोन!

कुरुंदबाबा भट्टीभवती नाचला, पडला, आन पडल्या पडल्याबी नाचला. थोरली भट्टी त्या दिशी निळी झाली. ती खुशीत आली की निळी हुती, आन मग समद्या बोळांतनं असा उजेड पडतोय, की मानूस पान्यातनं चालल्यावानी चालतोय. पोरं तर त्या उजेडात झोपूनच गेली, जिथं हुती तिथं.

आता ऐका. ह्या इंगळपुनवेला लेकीचं डोहाळजेवान. असलं आमच्यात कुनी बघितलं न्हाय, माझ्या आजीनंबी न्हाय. हातोडी-मंडळींनी पाळना घडवाय घेतलाय, नुसत्या पोलादाचा. तिला डोहाळं कसलं लागल्यात तेवढं कळवा. खैर का बाभूळ? का चंदनाचं ढपलं पायजे म्हनती? लाजू नगा, काय मागंल ते देतो.

नातीच्या छातीचं वाचून वाईट वाटलं. तिला आल्याचा काढा द्या.

आता आजी हुनारी,
गारगोटी


कोल्हापूर, २७ डिसेंबर २०२४
(हे पत्र गाडीत दिलं नाही.)

विहीणबाई, तुम्ही उलटं समजलात. आमच्यात आग विझवली, दिवा विझवला असं तोंडानं बोलत नाहीत. वाढवला म्हणतात. बांगडी फुटली तरी वाढली म्हणायचं, संध्याकाळी दुकान बंद केलं तरी वाढवलं म्हणायचं. वाईट शब्द घरात नको म्हणून आमच्या सासूबाईंनी मला लग्नाच्या आठवड्यातच हे शिकवलं होतं. मी तुम्हाला तेच लिहिलं, आणि तुम्ही पाळणा घडवायला घेतलात.

नवी नवरी होते तेव्हा मालकांनी मला पहिल्यांदा डोंगराशी आणलं. मडकं माझ्या हातात, धगू त्यात. दगडाच्या फटीतून तुमचे दोन हात बाहेर आले, काळे, मनगटात लोखंडी बांगड्या. तुम्ही मडकं घ्यायच्या आधी माझी बोटं चाचपली आणि आतून म्हणालात, "थंड हायती गं बाई, जेवली न्हाईस व्हय?" तेवढ्यावरनं मी तुम्हाला माणूस म्हणून ओळखते. चेहरा अजून बघितलेला नाही. आणि त्या बाईला मी कुठल्या तोंडानं सांगू की


कोल्हापूर, २७ डिसेंबर २०२४

गारगोटी विहीणबाई यांना सलाम.

पत्र पोचलं. इथं सगळे बरे आहेत. आफशीनची घरघर कमी आहे, रात्रीची झोपते आता.

पाळणा नका करू. एवढंच सांगायचं होतं.

हाफिजा


जांभ्याचा डोंगर
पौषाची कोर

शिकलगारीणबाईंस,

ठोकं दोनच घ्या ह्या टायमाला.

पाळना नगा करू, व्हय? का, आमचं लोखंड कमी पडतंय? का आता तुमच्या शेरात पेलास्टिकचं पाळनं मिळत्यात म्हनून आमचा जड वाटतोय? डोहाळं इचारलं तर त्याचंबी उत्तर न्हाय. चार वळीचं पत्र, तेबी भाड्यानं लिवून घेतल्यावानी! व्याह्यांनी काय गुन्हा केला तेवढं तरी सांगा.

पाळना झालाबी. त्याच्या कड्या अशा बारीक हायती, की फुकर मारली तर वाजत्यात. दुपारी समदी निजली की मी जाऊन हळूच फुकतो, आन त्यो वाजतोय, आन मला वाटतंय धगू ल्हान हुती तशी आत पडलीया, गुलाबी, चुळबुळ करत. तिला तुमच्याकडं धाडली तवा मी जलमलोबी न्हवतो, तरीबी तिचं ल्हानपन मला आठवतंय. आमच्यात भट्टी राखनाऱ्या बाईला पयल्या बायांचं समदं आठवतंय, तसंच असतंय ते.

म्हनून इचारतो विहीणबाई, राग सोडून इचारतो. लेकीला काय तरास हाय का? तुमी काय झाकताय?

गारगोटी


कोल्हापूर, ११ जानेवारी २०२५

गारगोटी,

आज विहीणबाई लिहीत नाही. तो हक्क राहिला की नाही, ते हे वाचून तुम्हीच ठरवा.

धगू वाढली नाही. धगू गेली. आमच्याकडं आगीला विझवली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. मी तुम्हाला तसं लिहिलं, तुम्ही तुमच्या अर्थानं वाचलं. आणि तुमचा आनंद बघून मी भ्याले आणि गप्प बसले. आता सरळ लिहिते.

डिसेंबरात आफशीनला दवाखान्यात ठेवावं लागलं. तोंडावर मास्क, त्यातून औषधाची वाफ, आणि वाफेच्या मागं एवढे मोठे डोळे. घरी आणलं तेव्हा पोर भट्टीच्या दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, "दादी, धगू माझ्यावर रागावलीय का?" मी म्हटलं, नाही गं बाळा. ती म्हणाली, "मग माझ्या छातीवर का बसते?"

तौसीफ म्हणाला, अम्मी, मी पाणी ओततो, तू वर जा. मी त्याला हात लावू दिला नाही. रोज मी सांभाळलेली, त्यानं कशाला? आम्ही आगीला पुजत नाही, तुम्हाला माहीत आहे, पण सून म्हणून नांदवली होती. मी तिच्याजवळ बसले. पाणी ओतायचा धीर झाला नाही. निखारे एकेक करून चिमट्यानं वेगळे केले, आणि लांब लांब ठेवले. एकमेकांजवळ असले की ते जगतात, एवढं इतक्या वर्षांत कळलंय मला. ती एकेक ठिकाणी काळी होत गेली. शेवटचा तेवढा किती वेळ लाल राहिला. तो मी हातावर घेतला. का घेतला सांगता येत नाही. मडक्याशिवाय तिला कधी उचललं नव्हतं, म्हणून असेल. हात भाजला, अजून पट्टी आहे. ती माझ्या हातावर गेली, गारगोटी, जमिनीवर नाही.

माफी मागत नाही. उद्या परत तीच वेळ आली तर मी परत तेच करीन. पोर आता जिना एका दमात चढते, वर जाऊन ओरडते, "दादी, मी पोचले!" ते ऐकलं की मी हसते, आणि मग खाली थंड भट्टी दिसते.

तुमची पुनव माझ्यामुळं मोडली. मला तुमच्या रागाची भीती नाही, रागवा. मला भीती आहे ती पत्रं बंद होण्याची. मालक गेल्यानंतर माझ्याशी हक्कानं भांडणारं तुमच्याशिवाय कुणी राहिलेलं नाही.

हाफिजा


कोल्हापूर, २४ जानेवारी २०२५

गारगोटी,

कृष्णात दोनदा रिकामा आला. काल म्हणाला, "चाची, फटीत पत्र ठेवलंय तसंच हाय का बघितलं, तर न्हाय, नेलंय कुनीतरी." म्हणजे वाचलंत.

झोपेत मला हातोड्यांचा ठेका ऐकू यायचा, पौष लागला की दरवर्षी. इतक्या लांबून कसा ऐकू येईल म्हणून मालक हसायचे, पण यायचा. उशीला कान लावला की खोल कुठंतरी ठक, ठक ठक. यंदा नाही. रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू येतात फक्त.

शिव्या द्या. पण चार ओळी लिहा.

हाफिजा


जांभ्याचा डोंगर
माघाची कोर

हाफिजाबाई,

ठोका एकच.

तुमचं पत्र मी समद्यास्नी वाचून दावलं. ऐरनी गप झाल्या. थोरली भट्टी पांढरी पडली आन दोन दिस तशीच ऱ्हायली. शिव्या म्हनाल तर मी तुमाला भरपूर दिल्या. मागल्या बोळातल्या दगडावर लिवून काढल्यात, त्या कृष्णातच्या गाडीत मावनार न्हाईत.

माझी लेक तुमच्या पदरात घातलीती. तिला तुमी चिमट्यानं येगळं येगळं केलंसा. हे वाचताना माझं काय झालं ते मी लिवनार न्हाय. तुमाला ठावं हाय, म्हनून तर तुमी हात भाजून घेतलासा.

आमच्यात आग जाती ह्याला शबुदच न्हाय. कधी गेलीच न्हाय तर शबुद कुठनं येनार? कुरुंदबाबा मला इचारत बसला, "वाढवली म्हंजी गेली कुठं?" मी म्हनलो, कुठं न्हाय, ती न्हायच आता. त्याला ते कळंना. पोरावानी परत परत इचारायचा. मग एका सांजंला म्हनला, "बरं, ऱ्हाऊ दे. कुनापायी गेली?" मी म्हनलो, ल्हान पोरीच्या श्वासापायी. त्यो सरकत थोरल्या भट्टीजवळ गेला. मग म्हनला, "लेकीनं जिच्यासाठी जागा सोडली, ती आपली कोन लागती?"

आमी समदी येड्यावानी एकमेकांकडं बघाय लागलो. सुनंनं घरातल्या पोरीसाठी जीव दिला, तर ती पोर आमची नात न्हाय तर कोन?

तवा इंगळपुनवेला या. मडकं आनू नगा, पोर आना. दिवस कलायच्या आत. धुराचं काय ते आमचं आमी बघतो, त्यात तुमी बोलायचं न्हाय. आन तुमी आत यायचं न्हाय. तुमाला जमनारबी न्हाय, दारातच कपाळ फुटंल. ती मावंल.

मी अजून रागातच हाय.

गारगोटी


कोल्हापूर, १५ फेब्रुवारी २०२५

गारगोटी विहीणबाई यांना सलाम. तुम्ही आफशीनला नात म्हटलंत, म्हणून मीही पुन्हा विहीणबाई लिहिते. नको असेल तर खोडा.

कृष्णातच्या गाडीतून आलो. तौसीफ यायचा नाहीच म्हणत होता, औषधाचा पंप पोरीच्या गळ्यात अडकवून शेवटी तोच आधी गाडीत बसला. चढावर गाडी थांबली आणि मी वर बघितलं. दरवर्षी या वेळेला तुमच्या डोंगराची सगळी भोकं लाल असतात, धूर सरळ वर जातो, दगडाला हात लावला तर पोळतो. यंदा काहीच नाही. ना धूर, ना उजेड, ना हातोडा. दगड थंड. मला वाटलं, माझ्यामुळं तुम्ही डोंगर सोडून गेलात.

तेवढ्यात फटीतून तुमचा हात आला. तो हात मी कुठंही ओळखीन. आफशीननं माझ्याकडं बघितलंही नाही, तुमचा हात धरला आणि आत गेली. घाबरणं नाही की काही नाही. मावली बरोबर.

आम्ही तिघं बाहेर. ऊन डोंगरावरून उतरलं, चांद वर आला, पाखरं बसली. कृष्णात म्हणाला, "चाची, एवढी वरसं इचारायचं राह्यलंय, आत हायत तरी कोण?" मी म्हटलं, व्याही. तो म्हणाला, "असं होय." मी फटीला कान लावून होते. आत एवढी शांतता की माझेच ठोके मला ऐकू यायचे. एकदा हाक मारली, "आफशीन!" उत्तर नाही. मनात नाही नाही ते आलं, खरं सांगते. तुम्ही रागात होता ना.

मग ती आली. केसांत राख नाही, अंगाला धुराचा वास नाही, दोन्ही मुठी गच्च मिटलेल्या, आणि मुठीत काय, तर काही नाही. पळत उतारावर गेली आणि पळत वर आली. पंपाला हात लावला नाही. तौसीफनं तिला उचलली आणि माझ्यासमोर रडायला लाज वाटली म्हणून गाडीमागं गेला.

विचारलं काय केलं आत, तर म्हणते, "अंधार होता. मज्जा आली. सगळ्यांच्या दाढ्या मऊ आहेत." तुम्ही कशा दिसता म्हणून विचारलं, तर म्हणाली, "अंधारात दिसतंय का काय दादी? हात लावून बघितलं. तुझ्यासारखीच आहे, पण लवकर संपते." एवढंच. बाकी विचारलं की हसते आणि तोंडावर बोट ठेवते.

विहीणबाई, तुमच्या आगी कुठं आहेत? तुम्ही काय केलंत? मला झोप नाही. नीट सांगा.

हाफिजा


जांभ्याचा डोंगर
माघ, चांद उतरता

हाफिजा विहीणबाईंस,

तीन ठोकं. खोडत न्हाय.

काय केलं इचारताय? तुमचा शबुद शिकलो आमी. पुनवेच्या आधी आठवडाभर पयल्यांदा घरच्या चुली वाढवल्या, मग ल्हान भट्ट्या, आन शेवटाला थोरली. तिला कुरुंदबाबानं सोताच्या हातानं वाढवली, तुमी लिवलं हुतं तशीच, निखारं येगळं करून. पानी न्हाय. मी त्याच्या शेजारी बसलो हुतो. तवा मला कळलं तुमी त्या दिशी काय केलंसा. रागात हुतो तवर कळलं न्हवतं. मग डोंगराची समदी भोकं मोकळी केली आन धूर जाऊ दिला, किती जुना धूर, आमच्या पणज्यांचा. तो गेला तवा वारा आत आला, रानाचा वास घेऊन.

अंधार आमी कधी बघितलाच न्हवता वो. पोरं रडली. गडी एकमेकाला आपटाय लागलं. लोकं म्हनली, बाबा, ही कसली इंगळपुनव, इंगळच न्हाय! मलाबी वाटलं, आपून समद्यांनी मिळून येडेपना केला.

मग तुमची पोर आली. आली ती दगडाला ठेचकाळली आन हसली. हसू त्या बोळातनं पार खालपतूर गेलं. दाढ्यांची टोकं वाहायला आग न्हवती, म्हनून एकेकानं दाढी तिच्या हातात दिली, आन तिनं बसल्या बसल्या समद्यांच्या येन्या घातल्या. गड्यांनी अजून सोडल्या न्हाईत. पाळन्यात बसली, मावंना, तरी बसली. चारीकडनं कड्या वाजल्या.

मग बाबा म्हनला, "आता समदी गप ऱ्हावा." समदा डोंगूर गप झाला, तान्ही पोरंसुदीक. बाबानं तिच्या छातीला कान लावला. आन विहीणबाई, कान लावायची गरजच न्हवती. त्या अंधारात आमाला समद्यास्नी ऐकू येत हुतं. आत, भाईर. आत, भाईर. कुठं घरघर न्हाय, कुठं अडकत न्हाय. आमी शेकड्यांनी मानसं तोंडावर हात धरून एका पोरीचा श्वास ऐकत हुतो. तुमी भाईरनं हाक मारलीसा ती आली ऐकू, पन कुनाला हलावं वाटंना. त्याबद्दल माफ करा, तुमाला भ्या वाटलं आसंल.

जाताना बाबा तिला म्हनला, "तू लांब गेलीस की आमी चकमक झाडनार. नवी आग हुनार, तिला नाव पायजे. घरातल्या पोरीनं नाव ठेवायचं असतंय. सांग." पोरीनं इचारबी केला न्हाय. त्याच्या कानात सांगितलं, आन बाबानं तिला बजावलं, की घरी सांगू नगंस. म्हनून ती तोंडावर बोट ठेवती. मुठीत काय न्हवतं म्हनताय? नाव घेऊन आलीया तुमची नात, तेच धरून बसलीया.

तुमची गाडी रस्त्याला लागली, मग बाबानं चकमक झाडली. लगी पेटली न्हाय. चार येळा झाडली तवा एक ठिनगी पडली, तांदळाएवढी. समद्यांनी वाकून तिला नावानं हाका मारल्या.

हाफिजा म्हनून.

मी लई भांडलो हुतो, खोटं का बोलू? म्हनलो, त्या बाईचं नाव माझ्या भट्टीला? पन नाव पोरीनं ठेवलं, बाबानं घेतलं, माझं कोन ऐकतंय. आता ती वीतभर झालीया. हट्टी हाय, वलं लाकूड घातलं की फनकारती, आन मधनंच गप बसती. सकाळी फुकनी घेऊन मी तिच्याफुडं बसतो, राख बाजूला सारतो, आन माझ्या ह्याच तोंडानं म्हनावं लागतंय, "हाफिजा, ऊठ बाई, उजाडलं."

रोज असं म्हनायचं, आन वर तुमच्यावर राग धरायचा. कसा धरायचा, तुमीच सांगा.

गारगोटी